रिपोर्ट सुधारला, मग छाती अजून का धडधडते?

वाढलेल्या थायरॉईडच्या, म्हणजे गळ्यातली ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हॉर्मोन सोडते त्या आजाराच्या, गोळ्या सुरू होऊन दीड-दोन महिने झालेले असतात. टी-४ या थायरॉईड हॉर्मोनचा आकडा मर्यादेत आलेला असतो, डॉक्टरही समाधानी असतात. तरीही माणूस रंकाळ्याची फेरी अर्ध्यात सोडून बाकावर टेकतो, चहाचा कप उचलला की बशी वाजते आणि रात्री दोनला डोळे टक्क उघडे असतात. "गोळ्या चालू हाईत, तरी हात थरथरत्यातच" ही तक्रार वाढलेल्या थायरॉईडच्या उपचारात इतकी नेहमीची आहे की ती ऐकून अनुभवी डॉक्टर दचकत नाहीत. बहुतेक वेळा औषध चुकलेलं नसतं. रक्तातला आकडा आधी सुधारतो, शरीर त्याच्या मागून रखडत येतं. पण काही जणांत खरंच काहीतरी चुकत असतं. ते कसं ओळखायचं, हा या लेखाचा विषय.

गाळप बंद, गोदाम भरलेलं

कोल्हापूरकरांना हे साखर कारखान्यावरून पटकन समजेल. गाळप हंगाम संपतो, बॉयलर थंड होतो, तरी गोदामातली साखर पुढे कितीतरी महिने बाहेर जातच राहते. कार्बिमाझोलची गोळी (निओमर्कॅझोल हे तिचं दुकानातलं ओळखीचं नाव) फक्त गाळप थांबवते. थायरॉईड ग्रंथीत आयोडीन जोडून हॉर्मोन तयार करणारं एक एन्झाइम असतं, त्याला ही गोळी अडवते. आधीच तयार होऊन ग्रंथीत साठलेल्या मालाला ती हात लावत नाही. निरोगी ग्रंथीत हा साठा दोनेक महिने पुरेल एवढा असतो. ग्रेव्ह्ज आजारात (यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीला जास्त काम करायला लावते) उलाढालच जोरात असल्यामुळे तो लवकर संपतो, मोठा गलगंड असेल तर उशिरा.

साठ्यातून रक्तात आलेलं हॉर्मोनही लगेच नाहीसं होत नाही. टी-४ निम्मं व्हायला एरवी सुमारे ७ दिवस लागतात, थायरॉईड वाढलेलं असताना त्याहून कमी. टी-३ हे दुसरं थायरॉईड हॉर्मोन साधारण एका दिवसात निम्मं होतं. हा सगळा हिशेब घातला तर पहिले दोन आठवडे जवळजवळ काहीच फरक न जाणवणं हे ठरल्याप्रमाणेच आहे. तीन-चार आठवड्यांनी बरं वाटायला लागतं आणि आकडे जागेवर यायला बहुतेकांना ६ ते ८ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी "गोळी लागू पडत नाही" म्हणून डॉक्टर बदलणारे नव्या डॉक्टरकडे तीच गोळी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करतात.

या मधल्या काळासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलेलं असतं, बहुधा १० ते ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा. ते हॉर्मोन फारसं कमी करत नाही. हॉर्मोनमुळे हृदय, हात आणि घामाच्या ग्रंथींवर पडणारा ताण ते झाकतं, आणि हे काम काही तासांत होतं. त्यामुळे लोकांना वाटतं की आजारच बरा झाला, मग ते हीच गोळी परस्पर बंद करतात आणि धडधड परतली की दोष कार्बिमाझोलला देतात. दुसरी गंमत वेळेची. साध्या प्रोप्रॅनोलॉलचा असर काही तासच टिकतो. शेवटची गोळी संध्याकाळी सहाला घेतली असेल तर पहाटे चारला छाती धडधडत जाग येणं साहजिक आहे. अशा वेळी डोस वाढवण्याआधी वेळा बदलून बघायला डॉक्टरांना विचारावं. दमा असेल तर ही गोळी घ्यायची नाही, आणि जुना दमा आता त्रास देत नसला तरी तो डॉक्टरांना सांगायचाच. ती बंद करतानाही टप्प्याटप्प्याने, एकदम नाही.

एक शक्यता मात्र सुरुवातीलाच तपासलेली असावी लागते. कधीकधी गाळप वाढलेलंच नसतं, गोदामाची भिंत फुटलेली असते. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत किंवा विषाणूच्या तापानंतर ग्रंथीला सूज येते आणि साठलेलं हॉर्मोन रक्तात सांडतं. याला थायरॉइडायटिस म्हणतात. इथे कार्बिमाझोलचा काडीचाही उपयोग नाही, कारण थांबवायला काही चालूच नसतं. प्रोप्रॅनोलॉलवर दिवस काढले की दोन-तीन महिन्यांत ते आपोआप ओसरतं आणि बऱ्याचदा पुढे काही काळ थायरॉईड उलट कमी होतं. ग्रेव्ह्ज की थायरॉइडायटिस हे ठरवायला टीआरएबी नावाची रक्ततपासणी किंवा टेक्नेशियम स्कॅन करतात. स्कॅनमध्ये ग्रेव्ह्जची ग्रंथी रंगाने भरलेली दिसते, सुजलेली जवळजवळ कोरी. तुमच्या फाइलमध्ये यातलं काहीच नसेल आणि गोळीने काहीच फरक पडत नसेल, तर "माझं कारण कुठलं?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

टीएसएच: सगळ्यात शेवटी हलणारा आकडा

रिपोर्ट हातात आला की सगळ्यांचं बोट टीएसएचवर जातं. वाढलेल्या थायरॉईडच्या पहिल्या काही महिन्यांत नेमका हाच आकडा फसवतो.

टीएसएच थायरॉईडमधून येत नाही. थायरॉईडला कामाला लावणारं हे हॉर्मोन मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी पाठवते. थायरॉईडने हॉर्मोनचा पूर आणला की पिट्युटरी गप्प बसते आणि टीएसएच ०.०१ च्याही खाली जातं. पुढे हॉर्मोन जागेवर आलं तरी पिट्युटरीला जाग यायला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. म्हणून सुरुवातीच्या काळात औषधाचा डोस फ्री टी-४ (रक्तातल्या प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं टी-४) आणि टी-३ बघून ठरवायचा असतो.

हे न पाळल्याने होणारी चूक अशी. समजा तिसऱ्या महिन्यात टीएसएच ०.०१ च्या खाली आहे आणि फ्री टी-४ ०.६ आहे (अनेक लॅबची मर्यादा ०.८ ते १.८ च्या आसपास असते). केवळ टीएसएच बघणारा म्हणेल, "अजून वाढलेलंच आहे, गोळी वाढवा." प्रत्यक्षात थायरॉईड कधीच कमी झालेलं असतं. गोळी कमी करायची वेळ आलेली असताना ती वाढते, आणि माणूस आणखी खचतो. पोटऱ्यांत गोळे, बद्धकोष्ठ, सकाळी सुजलेला चेहरा, भर वैशाखात अंगावर पांघरूण, महिन्याभरात तीन-चार किलोने वाढलेलं वजन आणि मोठा होत चाललेला गलगंड, ही त्या अतिउपचाराची लक्षणं. थकवा दोन्हीकडे सारखाच, म्हणून एकट्या थकव्यावरून काही ठरत नाही. नाडी मात्र चांगली साक्ष देते. थायरॉईड वाढलेलं असताना ती पळते, कमी झालं की मंदावते. प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर तिचीही साक्ष तितकीशी खरी नाही.

उलट बाजूची चूक टी-३ मुळे होते. ग्रेव्ह्जच्या काही रुग्णांत, विशेषतः मोठा गलगंड असलेल्यांत, ग्रंथी टी-३ च जास्त बनवते. फ्री टी-४ छान मर्यादेत, टीएसएच शून्याजवळ, आणि टी-३ अजून वर. खर्च वाचवायला टी-३ गाळून बाकीचं पॅनेल केलं की रिपोर्ट नॉर्मल आणि रुग्ण बेजार, अशी अवस्था होते. लक्षणं हटत नसतील तर शंभर रुपये वाचवण्यासाठी टी-३ सोडू नये.

एककांचाही घोळ असतो. एक लॅब फ्री टी-४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देते, दुसरी पिकोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याचा १ म्हणजे दुसऱ्याचा जवळपास १३. गेल्या महिन्यात १.४ आणि या महिन्यात १८ बघून घरात रडारड होते, पण दोन्ही आकडे सारखेच आहेत. टी-३ चंही तसंच, १.५ आणि १५० एकच असू शकतात. शक्य असेल तर दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्यावं. आणि रिपोर्टवर नुसतं 'टी-४' लिहिलंय की 'फ्री टी-४', हेही बघावं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या किंवा गरोदर बाईचं एकूण टी-४ थायरॉईड ठीक असूनही जास्त दिसतं, कारण रक्तातलं त्याचं वाहक प्रथिन वाढलेलं असतं.

आता केसांच्या गोळीबद्दल. थायरॉईड वाढलं की केस गळतात, केस गळतात म्हणून बाई बायोटिन हे जीवनसत्त्व सुरू करते, आणि बऱ्याच लॅबमधल्या यंत्रांच्या तपासणीपद्धतीत बायोटिनच लुडबुड करतं. त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-३, टी-४ खोटं जास्त दिसतं. टीआरएबीसुद्धा खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. म्हणजे ग्रेव्ह्जचा हुबेहूब रिपोर्ट, आजार नसताना. केसांच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असतं, शरीराची रोजची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅमची. रक्त देण्याआधी अशी गोळी किमान दोन दिवस, जमल्यास तीन दिवस बंद ठेवावी आणि लॅबमध्ये तसं सांगावं.

कोणती तक्रार किती दिवस रेंगाळते

हाताची थरथर, घाम, उकाडा सहन न होणं, जुलाबासारखी शौचाची घाई, ही मंडळी हॉर्मोनच्या मागोमाग लवकर जातात. टी-३ जागेवर येऊन महिना झाला तरी हात थरथरत असतील तर दुसरीकडे बघावं. मधुमेह असेल तर आधी साखर तपासावी. थायरॉईड वाढलेलं असताना साखर चढते म्हणून औषधाचा डोस वाढवलेला असतो, थायरॉईड उतरलं की तोच डोस जास्त होतो आणि साखर घसरते. थरथर, घाम, धडधड ही घसरलेल्या साखरेचीही लक्षणं आहेत. त्यात प्रोप्रॅनोलॉल थरथर आणि धडधड दाबतं, घाम दाबत नाही, म्हणून नुसता दरदरून घाम सुटला तरी ग्लुकोमीटर काढावा. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बाईला रात्री उकडत असेल तर पाळी जातानाचे दिवसही लक्षात घ्यावेत.

स्नायूंचं मात्र महिन्यांचं काम असतं. वाढलेल्या थायरॉईडने मांड्या आणि खांद्यांचे स्नायू झिजलेले असतात. जोतिबाच्या पायऱ्या, उकिडवं बसून उठणं, माळ्यावरचा डबा काढणं, केस विंचरताना हात वर धरणं, हे जड जातं. रक्त सुधारल्यावर स्नायू नव्याने भरायला तीन ते सहा महिने धरून चालावं. पाटाएवढ्या उंचीवरून हाताचा आधार न घेता किती वेळा उठता येतं, ते दर पंधरवड्याला मोजलं तर प्रगती दिसते. आठवड्यागणिक आकडा हळूहळू चढतो. तो चढत नसेल किंवा उतरत असेल तर ड जीवनसत्त्व आणि पोटॅशियम तपासायला हवं. नाडी जोरात असेपर्यंत तालमीतले जोर-बैठका किंवा धावणं नको. सपाट रस्त्यावर चालणं चालेल. बसल्या जागी नाडी सलग काही आठवडे ८० च्या आत राहिली की मग डॉक्टरांना विचारून व्यायाम वाढवावा.

तरुण पुरुषांसाठी इथे एक वेगळी सूचना. थायरॉईड वाढलेलं असताना आशियाई पुरुषांत अचानक पाय लुळे पडण्याचा प्रकार दिसतो. रात्री लग्नाचं भरपेट गोडाधोडाचं जेवण किंवा दिवसभर तालीम, त्यानंतर झोप, आणि पहाटे पाय हलत नाहीत. रक्तातलं पोटॅशियम एकदम पेशींत शिरल्यामुळे असं होतं. हे अंगदुखी समजून चोळत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, कारण हृदयाचा ठेका बिघडू शकतो. थायरॉईड पूर्ण ताब्यात आलं की हे झटके थांबतात. तोवर रात्रीचं अति जेवण आणि गोड टाळावं.

वजनाची तक्रार जवळपास सगळ्यांची, आणि तिचा राग बहुधा गोळीवर निघतो. आजारात भूक राक्षसी असते. तीन भाकरी, वर तांबडा रस्सा, संध्याकाळी पुन्हा मिसळ, आणि तरीही वजन उतरत असतं. गोळीने चयापचय जागेवर येतं, पण भुकेची सवय तशीच राहते. आजाराआधीचं वजन माहीत असेल तर त्या आकड्यापर्यंत परतणं म्हणजे बरं होणं. त्याच्या वर जायला लागलं की आधी फ्री टी-४ बघायचा, कारण डोस जास्त झालेला असू शकतो. तो ठीक असेल तर मग ताट बघायचं. नाडी उतरायला लागली की त्याच सुमारास एक भाकरी कमी करावी, पण डाळ, अंडी, दूध कमी करू नये, कारण झिजलेले स्नायू त्यातूनच भरायचे असतात.

केसांचं घड्याळ सगळ्यांत उशिराचं. आजाराचा धक्का बसल्यावर केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, त्यामुळे ऐन बरं वाटायला लागल्यावर न्हाणीघराच्या जाळीत गुंता दिसतो. हॉर्मोन झपाट्याने खाली आलं तरी तेच होतं. मुळासकट गळलेले असे केस पुन्हा येतात, सहा महिने ते वर्ष लागतं. तेल बदलून यात फरक पडत नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून बघणं जास्त कामाचं, कारण रक्त कमी असणं हे इथल्या बायकांत केसगळतीचं आणि धडधडीचं दोन्हीचं कारण असू शकतं.

झोप, चिडचिड, उगाच येणारं रडू, डोक्यात धुकं साठल्यासारखं होणं, यावर घरातले लोक सगळ्यात कमी विश्वास ठेवतात. "रिपोर्ट चांगला आहे, आता काय नाटक?" असं ऐकावं लागतं. मेंदूही या हॉर्मोनवर चालतो आणि त्याला पूर्ववत व्हायला काही महिने लागतात, हे खरं आहे. आकडे स्थिर होऊन सहा महिने झाले तरी मन ताळ्यावर नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. थायरॉईडची गोळी वाढवून चिंता कमी होत नाही.

यकृताच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढलेलं दिसलं की "गोळीने लिव्हर खराब केलं" अशी धास्ती बसते. ते एन्झाइम हाडांतूनही येतं. वाढलेल्या थायरॉईडने झिजलेली हाडं उपचारानंतर पुन्हा बांधली जाताना ते काही महिने चढलेलं राहतं. सोबतच्या यकृताच्या बाकी तपासण्या, म्हणजे जीजीटी, एसजीपीटी आणि बिलिरुबिन, नॉर्मल असतील तर ते बहुधा हाडांचं असतं.

आणि धडधड. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. वेगात पण ठोका एकसारखा पडतोय, की हलगीचा ठेका चुकल्यासारखा कधी लवकर, कधी उशिरा? ठेका चुकत असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढावा, साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच. हे एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून रक्त पातळ करायचं औषध लागू शकतं. थायरॉईड जागेवर आल्यावर तीन-चार महिन्यांत अनेकांचा ठेका आपोआप सुधारतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं त्याची तपासणी) अधिक वेळा तपासावा लागतो, कारण थायरॉईड उतरत जाईल तसा वॉरफरिनचा डोस वाढवावा लागतो.

डोळ्यांचा आजार वेगळ्या वाटेने जातो

ग्रेव्ह्जमध्ये पापणी वर ओढलेली, नजर टक लावल्यासारखी दिसते. हे हॉर्मोनच्या जोरामुळे होतं आणि हॉर्मोन उतरलं की बरंच कमी होतं. पण डोळा पुढे येणं, मागे दाब वाटणं, सकाळी पापण्या सुजणं, हे डोळ्यामागच्या चरबीत आणि स्नायूंत चाललेल्या दाहामुळे होतं. तो दाह शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा असतो, थायरॉईडच्या आकड्यांवर चालत नाही. आकडे उत्तम असतानाही डोळे वाढू शकतात. म्हणून थायरॉईडच्या डॉक्टरांसोबत डोळ्यांचे डॉक्टरही लागतात.

सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत हा आजार जास्त आणि तीव्र होतो, आणि त्यांच्यात उपचारही कमी लागू पडतात. इतका ठोस आणि टाळता येण्यासारखा धोका या सगळ्या आजारात दुसरा नाही. थायरॉईड जास्त होणं जसं वाईट तसं कमी होणंही डोळ्यांना वाईट, म्हणजे अतिउपचाराची चूक इथेही महागात पडते. रोज कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री जेल, डोक्याखाली उंच उशी, दुचाकीवर चष्मा, एवढं घरी करता येतं. रंग फिके दिसायला लागले, एका डोळ्याने कमी दिसतंय असं वाटलं, एकाची दोन माणसं दिसली किंवा झोपेत पापण्या मिटेनात, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

गोळीच्या डबीतल्या चुका

घरात दोघींना थायरॉईड असेल तर आधी डब्या वेगळ्या करा. सासूची थायरॉक्सिन, सुनेची कार्बिमाझोल, दोन्हींना घरात 'थायरॉईडची गोळी' हेच नाव. एक हॉर्मोन भरून काढते, दुसरी ते बनू देत नाही. थायरॉक्सिन २५, ५०, १०० अशा मायक्रोग्रॅममध्ये येते आणि उपाशीपोटी घ्यायची असते. कार्बिमाझोल ५, १०, २० मिलिग्रॅममध्ये येते, जेवणाशी तिचं फार देणंघेणं नाही. मात्र रोज एकाच वेळी घ्यावी.

कार्बिमाझोल आणि मेथिमाझोल ही दोन औषधं एकाच कुळातली, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखी नाहीत. १० मिलिग्रॅम कार्बिमाझोल म्हणजे साधारण ६ मिलिग्रॅम मेथिमाझोल. दुकानदाराने कार्बिमाझोलच्या जागी मेथिमाझोल त्याच आकड्याचं दिलं तर डोस दीडपटीच्याही पुढे जातो आणि दोन महिन्यांनी थायरॉईड कमी झालेलं सापडतं. पाकिटाच्या मागचं औषधाचं मूळ नाव दर वेळी वाचा.

जोम यावा म्हणून घेतलेलं अश्वगंधा इथे नको. त्याने थायरॉईड हॉर्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत आयोडीनचा मारा असतो, त्याही नकोत. आयोडीनयुक्त मीठ सोडायची मात्र गरज नाही. आपल्याकडे ते घरात पोचताना किमान १५ पीपीएम आयोडीन असलेलं असावं लागतं, आणि जेवणापुरतं ते काही बिघडवत नाही. सीटी स्कॅनच्या आधी शिरेतून द्यायच्या रंगात मात्र भरपूर आयोडीन असतं. तो स्कॅन ठरला तर थायरॉईडचं आधी सांगावं.

दिवस राहण्याचा विचार असेल, किंवा पाळी चुकली असेल, तर पहिला फोन डॉक्टरांना. कार्बिमाझोल आणि मेथिमाझोलमुळे पहिल्या काही आठवड्यांत बाळात व्यंग होऊ शकतं, म्हणून त्या काळात शक्यतो प्रोपिलथायोयुरॅसिल देतात. हे औषध एरवी मागे ठेवलेलं आहे, कारण क्वचित पण गंभीर अशी यकृताची इजा त्याने होते.

घसा धरला आणि ताप आला तर

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हा भाग विसरू नका. कार्बिमाझोल घेणाऱ्या हजारात दोन-चार जणांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी, नेमक्या सांगायच्या तर न्यूट्रोफिल, एकदम नाहीशा होतात. बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, पण नंतरही, आणि कुठलीही आगाऊ सूचना न देता. लक्षण साधं असतं: १००.४ अंशांवर ताप, घसा खूप दुखणं, तोंडात फोड.

अडचण अशी की जुलै-ऑगस्टच्या पावसात कोल्हापुरात घरटी एकाला ताप असतो. "व्हायरल आहे" म्हणून पॅरासिटामोल आणि गुळण्यांवर चार दिवस निघून जातात. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे रिपोर्ट कमी आला तरी तो डेंग्यूच्या खात्यावर जमा होतो. म्हणून ताप आला की कार्बिमाझोल त्याच क्षणी थांबवा, त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करा आणि जो कोणी तपासेल त्याला पहिल्या वाक्यात सांगा की ही गोळी चालू आहे. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, हा हिशेब स्वतः करा. एकूण २,४०० आणि न्यूट्रोफिल १० टक्के म्हणजे फक्त २४०. पाचशेच्या खाली गेलं की रुग्णालयात दाखल व्हावं लागतं, आणि त्यानंतर या कुळातली कुठलीही गोळी पुन्हा आयुष्यात घ्यायची नाही. आकडा ठीक निघाला तर गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू होते. एक-दोन दिवसांच्या खंडाने काही बिघडत नाही.

अंगाला नुसती खाज किंवा पुरळ असेल तर एवढी घाई नाही. खाजेच्या गोळीवर बऱ्याचदा ते शमतं. डोळे पिवळे आणि लघवी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवावं. आणि गोळ्या मध्येच सोडलेल्या, त्यात मोठा ताप, उलट्या, बरळणं, नाडी १४० च्या घरात, असं झालं तर ते थायरॉईडचं वादळ असू शकतं. तेव्हा जवळचा मोठा दवाखाना, कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो वा दुसरा, थेट तातडीच्या विभागात न्यावं.

गोळीऐवजी आयोडीन किंवा ऑपरेशन झालं असेल तर

किरणोत्सारी आयोडीनचा डोस एका घोटाचा किंवा एका कॅप्सूलचा, पण काम संथ. पहिल्या दोनेक आठवड्यांत साठलेलं हॉर्मोन बाहेर पडून धडधड उलट वाढू शकते. असर दिसायला दीड-दोन महिने, पूर्ण व्हायला सहा महिनेही लागतात. पुढे बहुतेकांचं थायरॉईड कमी होतं आणि थायरॉक्सिन कायमचं लागतं. तो उपचाराचा अपेक्षित शेवट आहे. ग्रंथी काढल्यानंतर बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या तर कॅल्शियम तपासावं. थायरॉईडशेजारच्या छोट्या ग्रंथी दुखावल्याने ते उतरतं.

पुढच्या तारखेला जाताना

कागलहून किंवा गडहिंग्लजहून एसटीने येऊन डॉक्टरांसमोर मिळतात पाच-सात मिनिटं. त्यात "बरं वाटत नाही" एवढंच सांगून गोळी तीच राहते. एका वहीत रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधीची नाडी, आठवड्यातून एकदा त्याच काट्यावरचं वजन, गोळीचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम, चुकलेले दिवस (लपवू नका, त्यावरच डोस ठरतो) आणि एककासकट रिपोर्ट लिहा. डोस बदलल्यावर रक्त चार ते सहा आठवड्यांनी द्यायचं. त्याआधी दिलं तर जुन्याच डोसचा रिपोर्ट येतो. स्थिर झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुरतं.

ग्रेव्ह्जचा गोळ्यांचा कोर्स साधारण १२ ते १८ महिन्यांचा. छान वाटतंय म्हणून सहाव्या महिन्यात सोडला तर आजार परतण्याची शक्यता जास्त. पूर्ण कोर्स करूनही निम्म्याच्या आसपास लोकांत तो परततो, बहुधा पहिल्या वर्षातच. थांबवण्याआधी टीआरएबी पुन्हा करतात. ते अजून जास्त असेल तर कमी डोसवर गोळी पुढे चालू ठेवायची की आयोडीन-ऑपरेशनकडे वळायचं, हे ठरवता येतं. गोळी थांबल्यावरही नाडीची वही सुरू ठेवा. ७२ वर स्थिरावलेली सकाळची नाडी पंधरा दिवस सलग नव्वदीत दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फ्री टी-४, टी-३ आणि टीएसएच करून घ्या.